आठ ओळी की नऊ

८ डिसेंबर १९४६

शाळेच्या भिंती दाराच्या माथ्यापर्यंत आल्या. पूर्वेचा कोपरा एक सूत बाहेर होता, वरचे तीन थर उतरवून पुन्हा बांधायला लावले. गवंड्यांनी तोंडं वाकडी केली. करू देत. मी कुठल्या शाळेत शिकून मिस्त्री झालेलो नाही. पुलाच्या कामावर पाट्या वाहता वाहता साहेबाच्या टेबलावरचा नकाशा उलट्या बाजूनं बघून वाचायला शिकलो. शिकलेल्याची चूक लोक पोटात घालतात, माझ्यासारख्याची जन्मभर दाखवतात.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात कमिटी बसली. ही शाळा लढाईत गेलेल्या आमच्या कुसुरवाडीच्या जवानांची आठवण म्हणून बांधतो आहोत. तेव्हा मोठ्या दारावर जो आडवा दगड बसेल त्यावर त्यांची नावं कोरायची असं ठरलं. अध्यक्ष हरिबा सुभेदार. पेन्शनीत आले तरी आवाज परेडचाच आहे. त्यांनी आठ नावं वाचली आणि माझ्याकडं बघून थांबले.

"आकाराम, नववं?"

"कृष्णात बेपत्ता हाय," मी म्हणालो. "बेपत्ता म्हंजी मेलेला न्हवं."

माझा मुलगा सफरमैना, म्हणजे लष्कराचे पूल-रस्ते बांधणाऱ्या पलटणीत होता, सिंगापूर पडल्यापासून त्याचा ठावठिकाणा नाही, हे खरं. श्रावणात सरकारचा कागद आला, 'मृत समजण्यात येत आहे' म्हणून. समजणारे ते कोण? जपान्यांच्या कैदेतली पोरं वर्षभर परत येताहेत. वडूजकडच्या एकाचं तर घरच्यांनी दिवसपाणी उरकलं होतं, आणि तो दारात येऊन उभा राहिला.

२२ डिसेंबर

खाणीतून दगड आला. काळा, सहा फुटी, चांगला दिसतो आहे. नावं चांदसाहेब कोरणार. आम्ही दोघं पुलाच्या कामापासूनचे. मी तेव्हा पाट्या वाहायचो आणि हा पाथरवटांत सगळ्यांत लहान. आता त्याच्यासारखं अक्षर सातारा जिल्ह्यात कुणाचं पडत नाही, हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललेलो नाही.

त्याचा लियाकत इटलीत गेला. त्याचं नक्की आहे, कबरीचा फोटो आला आहे. चांदसाहेबानं कमिटीला एवढंच सांगितलं, की मजुरी नको, पण सगळी नावं माझ्याच हातानं होऊ द्या. दगडाची धूळ खाऊन खाऊन त्याची छाती गेली आहे. साताऱ्याच्या डॉक्टरनं छिन्नी बंद करायला सांगितलं. "येवढं लियाकतचं नाव कोरतो आन मग ठेवतो खाली," म्हणाला.

दगडावर हात फिरवून त्यानं मला विचारलं, "आठ आखू का नऊ?"

विचारणं बरोबर होतं. दगडाची रुंदी ठरलेली. आठ ओळी घ्यायच्या तर अक्षर मोठं, नऊ घ्यायच्या तर लहान. आधी आखणी, मग छिन्नी. मी म्हणालो, "आधी दगड तर बघू दे."

उन्हात पाणी मारून पाहिला. डाव्या अंगाला केसाएवढी शीर आहे. परत पाठवला.

१९ जानेवारी १९४७

खाणवाल्यानं महिना लावला. असल्या लोकांमुळं कामं रखडतात आणि नाव मिस्त्रीचं खराब होतं. दाराचा दगड बसल्याशिवाय त्याच्या वरची भिंत चढत नाही, भिंत चढल्याशिवाय छपराच्या कैच्या बसत नाहीत, आणि कैच्या नाहीत तर पत्रे कशावर घालणार? मास्तर देवळाच्या ओवरीत पोरं घेऊन बसतात. आज येऊन उगाच भिंतीवर हात फिरवून गेले. मी त्यांना वरचा क्रम समजावून सांगितला.

दुसरा दगड आला. हातोडीनं ठोकून पाहिला. मधोमध आवाज बद्द वाटला.

"खणखणीत वाजतोय की रं," चांदसाहेब म्हणाला.

"तुझं कान गेल्यात."

"कान हाईत. छाती गेलीया." तो हसला आणि हसताना खोकला लागला. बराच वेळ पाठ चोळत उभा होतो.

दगड परत पाठवला.

२ मार्च

सांगलीला जाऊन आलो. कैच्यांचे बोल्ट घ्यायचे होते. कृष्णातची आई म्हणाली, "आवं, बोल्ट कोरेगावात मिळत्यात की." सांगलीच्या बोल्टांचे आटे चांगले असतात, तिला काय कळतं त्यातलं.

हळदीच्या पेठेत अर्जुना म्हणून एक मुकादम आहे, तो सिंगापूरला कैदेत होता असं ऐकलं होतं. आलोच आहे तर भेटून घेतलं. पोत्यावर बसवून त्यानं चहा पाजला. म्हणाला, "वळखत हुतो की. कृष्णात मिस्त्री. छावणीत बांबूच्या भिंती उभ्या करायला लावायचे आमाला. ह्यो गडी दोऱ्याला दगूड बांधून वळंबा लावायचा. जपानी हसायचे. बांबूला कशाला रं वळंबा, आमी म्हणायचो. तर म्हणायचा, माझा बा बघंल."

मग म्हणाला, पुढं एका बेटावर नेताना बोट बुडाली. "मी फळी धरून ऱ्हायलो. त्यो माझ्या डाव्या अंगाला हुता, काका. मागनं न्हवता."

मी त्याला उंची विचारली. पाच फूट आठ म्हणाला. कृष्णात पाच फूट साडेसहा आहे, भरतीच्या आधी मी स्वतः भिंतीला टेकवून मापला होता. दीड इंचाची चूक करणाऱ्याची साक्ष काय धरायची? ओळंबा काय कुणीही लावतो.

मिरजेला गाडी बदलून कोरेगावात उतरलो. बोल्ट आणायचे राहिले.

४ मार्च

घरी अर्जुनाचं काही सांगितलेलं नाही. नक्की नसलेली गोष्ट सांगून उपयोग काय.

६ एप्रिल

तिसरा दगड. याच्यात मला खोट सापडली नाही. कड थोडी ओबडधोबड होती, ती घासून घेण्यात आठवडा गेला.

चांदसाहेब रोज येऊन दगडाशेजारी बसतो. खोकल्यात आता रक्त पडतं. ते तो मातीनं झाकतो, मी दुसरीकडं बघतो. आज त्यानं स्वतःच तोड काढली. "असं करू गड्या. आठ कोरतो. खाली एका वळीची जागा मोकळी ठिवतो. पोरगं आलं तर तिथं वेलबुट्टी काढू. न्हाईतर..."

"न्हाईतर काय?"

"कायबी न्हाई."

मी त्याला समजावलं. खाली मोकळी जागा ठेवली की सगळ्या ओळी वर ओढल्यासारख्या दिसणार. दारात उभं राहून बघणाऱ्याला खटकणार. आखणी एकदा बिघडली की बिघडली, दगड काय पुसून टाकता येतो? तो ऐकून घेत होता. मग छिन्न्यांची पिशवी उचलून म्हणाला, "तुझं खरं हाय, आकाराम. पर माझ्यात आता दम किती ऱ्हायलाय ते तुला ठावं हाय."

ठाऊक आहे. पण काम म्हणजे काम.

२७ एप्रिल

पत्र्यांचा परवाना एकदाचा मिळाला. पत्रे आले. चावडीत रचून ठेवलेत.

सुनेचा भाऊ आला होता, तासगावकडून. चंद्रा आमच्या घरी आली आणि तीन महिन्यांत कृष्णात बोटीत बसला. पाच वर्षं झाली. भाऊ म्हणाला, "मामा, तिचं पुढं काय?" त्याच्या मनात तिचा पाट लावायचा आहे. एक बिजवर बघून ठेवला आहे. मी सांगितलं, नवरा हयात असलेल्या बाईचा पाट लागत नसतो. तो चहा न घेताच गेला. चंद्रा चुलीपाशी होती. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही.

१८ मे

भर देवळात सुभेदार बोलले. "पत्रं हाईत, लाकूड हाय, चुना हाय, दगूड हाय. पाऊस तोंडावर आला. मग अडलंय कुठं?"

मी खाणवाल्याचं सांगितलं, परवान्याचं सांगितलं, लग्नसराईत गवंडी मिळत नाहीत ते सांगितलं. यातलं एकही खोटं नाही.

"आन आखणी?" ते म्हणाले.

मी नकाशा गुंडाळून उठलो. चाळीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं.

२३ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

दुपारी चंद्रा माझी भाकरी घेऊन कामावर आली. चांदसाहेब दगडाच्या सावलीत कुशीवर पडला होता, त्याची बायको खातूनभाभी त्याच्या तोंडाला पाणी लावत होती. चंद्रानं भाकरी खाली ठेवली, डोईवरचा पदर सारखा केला आणि सरळ त्यालाच म्हणाली, "चाचा, नऊ आखा."

मी म्हणालो, "चंद्रा, घरला जा."

ती गेली नाही. आजपर्यंत माझ्यासमोर मान वर करून बोललेली नाही. "मामंजी, मी रोज सकाळी कुंकू लावती. कुणाच्या नावाचं लावती ते मला ठावं न्हाई. माझं ऱ्हाऊ द्या. पर एकापायी आठ जणं बाहिर उभी हाईत. त्येंच्या आयाबी हाईत."

खातूनभाभी रडायला लागली. चांदसाहेब उठून बसला, पण त्यानं आखायचा गेरूचा खडा हातात घेतला नाही. माझ्याकडं बघत राहिला. आठ की नऊ, हे त्यानं माझ्याच तोंडून ऐकायचं ठरवलं असावं.

मी फूटपट्टी घेतली. दगडाची रुंदी मोजली, वरखाली कड सोडली, आणि नवानं भागलं. भागाकार दोनदा करून पाहिला.

२५ मे

नावांचा क्रम ठरवायचा होता. सुभेदार म्हणाले, हुद्द्यानं लावू. मी म्हणालो, तारखेनं. त्यात कुणाची हरकत निघत नाही. सरकारी कागदावर सिंगापूर पडल्याची तारीख आहे, त्यामुळं कृष्णात पहिला येतो. लियाकत शेवटचा, नववा.

तेव्हा माझ्या हे लक्षात आलं नाही. चांदसाहेबाच्या आलं असणार, पण तो एवढंच म्हणाला, "बरंय. तवर हात बसंल."

८ जून

कृष्णातची ओळ पुरी झाली. मी आज चुना मळायच्या घाणीकडंच होतो, तिकडं काम होतं. छिन्नीचा आवाज तिथपर्यंत येत होता. कृष्णातची आई जाऊन बघून आली. घरी येऊन तिनं भांडी घासली, सगळी घासली, घासलेलीही परत घासली.

चंद्रानं कुंकू पुसलं. कुणी काही सांगितलं नव्हतं.

१५ जून

पावसानं गाठलं. दगडावर ताडपत्री बांधली, पण भिंतींचे माथे उघडेच. उत्तरेची भिंत पाणी प्यायली आणि तिनं पोट काढलं. हात लावला तर गार आणि मऊ. मी बांधलेल्या भिंतीनं आजवर कधी पोट काढलं नव्हतं. ती उतरवावी लागणार. खाणवाल्यानं पहिलाच दगड धड दिला असता तर आज वर पत्रे असते. मास्तर छत्री घेऊन आले, बघितलं आणि गेले. देवळाची ओवरीही गळते आहे म्हणतात.

२२ जून

तीन ओळी झाल्या. चांदसाहेब चार ठोके मारतो आणि थांबतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "चांद, लियाकतचं आधी घे. मधलं मागनं कर."

"क्रम तूच लावलायस न्हवं?"

"मीच सांगतोय, सोड तो क्रम."

त्यानं छिन्नीची धार अंगठ्यावर पाहिली. "ह्यांचं बा रोज इथनं जात्यात, आकाराम. मधल्या पाच वळी सोडून मी माझ्या पोरावर उडी मारली तर त्यास्नी काय तोंड दावू?"

मी म्हणालो, दुसरा पाथरवट आणतो, मधली नावं तो करील. त्यावर तो असा बघत राहिला की मी पुढं बोललो नाही. सगळी नावं माझ्याच हातानं, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

डिसेंबरात त्याचा हात कसा होता ते मला आठवतं. तेव्हा त्यानं एका आठवड्यात तीन ओळी काढल्या असत्या.

१० जुलै

आठवी ओळ पुरी झाली. अक्षर पहिल्या ओळीइतकंच साफ. उठताना तो दगडावरच बसला आणि परत उठला नाही. चौघांनी झोळीतून घरी नेला.

१३ जुलै

खातूनभाभीनं निरोप पाठवला. गेलो. चांदसाहेबाला बोलायला दम पुरत नाही. हातानंच खूण केली, दगड, दगड.

गवंडी म्हणाले, एवढा दगड चिखलातनं नेणार कसा, त्यापेक्षा बरं वाटलं की त्यालाच आणू. मी बैलगाडीवर कडब्याचा थर घातला, आठ माणसं लावली आणि दगड नेला. चाक रुतलं तिथं मीही खांदा लावला. गाडी त्याच्या दाराशी उलटी लावली. दोघांनी त्याला धरून बसवलं. छिन्नी हातात दिली तर गळून पडली. मग मी गेरूचा खडा दिला.

नवव्या ओळीत त्यानं लियाकतचं नाव काढलं. एक अक्षर काढायचा, कपाळ दगडाला टेकायचा, मग पुढचं. 'लि'ची वेलांटी थरथरत गेली. 'या' खाली उतरला. 'क'चं पोट नीट जुळलं नाही. 'त' काढायला फार वेळ लागला. त्यापुढं बापाचं नाव म्हणून स्वतःचं नाव लिहायचं होतं, ते त्यानं लिहिलं नाही. खडा माझ्या हातात ठेवला.

"सुदरून घे," म्हणाला. "वाकडं झालंय."

१४ जुलै

पहाटे चांदसाहेब गेला. दुपारी ओढ्यापलीकडं माती दिली. पाऊस थांबला नव्हता, खड्ड्यातलं पाणी उपसून काढावं लागलं.

१६ जुलै

सुभेदार म्हणाले, कोल्हापूरचा पाथरवट बोलावू. नको म्हणालो. मी पाथरवट नाही, दगडावर अक्षर कधी कोरलेलं नाही. पण छिन्नी धरता येते.

दगड ताडपत्रीखालून काढून पडवीत घेतला. पाण्यानं गेरू जाईल म्हणून आधी सुईनं रेघेवरून रेघ मारून घेतली. मग बसलो.

पहिल्या वेलांटीशीच हात थांबला. माझ्याजवळ काटकोनाचा गुण्या होता, फूटपट्टी होती. ही रेघ सरळ करणं माझ्या हातात होतं. सुधारून घे असं तो स्वतःच म्हणाला होता. वरच्या आठ ओळींशी ती जुळली असती आणि कुणाला काही कळलं नसतं.

मी त्याच्याच रेघेवरून गेलो. ती जिथं थरथरली होती तिथं छिन्नीही थरथरवली. हे सरळ कापण्यापेक्षा अवघड आहे. 'क'चं पोट उघडं होतं, उघडंच ठेवलं. बाकीची जागा तशीच मोकळी सोडली.

२० जुलै

चंद्राचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. निघताना तिनं पायावर डोकं ठेवलं. मी तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. गाडीच्या चाकाची खीळ ढिली होती ती ठोकून दिली.

२४ जुलै

उत्तरेची भिंत उतरवून निम्मी परत आली. दगड चढवायला वाशांची घोडी उभी केली, दोर लावले.

सुभेदार म्हणाले, "आकाराम, खालची वळ वाकडी दिसतीया. आन अर्धी मोकळी. सारी आखणीच बिघडली की."

"असू द्या."

"तू म्हणतुयास हे?"

"व्हय."

तेवढ्यात खातूनभाभी आली. वर चढायच्या आधी बघायचं म्हणाली. तिला वाचता येत नाही. कुणालाही न विचारता ती खाली वाकली आणि शेवटच्या ओळीवर बोट फिरवत गेली, वेलांटीवरून, उघड्या पोटावरून.

"हात त्येंचाच हाय," म्हणाली.

मग तिनं विचारलं, "भाऊजी, कृष्णातचं कुठलं?"

नाव कोरल्यापासून दीड महिना तो दगड माझ्यासमोर होता. मी त्याची उंची, रुंदी, कड सगळं मापलं होतं. वरच्या ओळीला मात्र हात लावला नव्हता. आता लावावा लागला. "ह्ये," म्हणालो. "पहिलं."

कोरलेल्या अक्षरांत पावसाचं पाणी साचलं होतं. धोतराच्या सोग्यानं टिपून काढलं. ते परत भरलं. परत टिपलं. गवंडी दोर धरून उभे होते, त्यांचे हात भरून आले असतील, पण कुणी आवाज दिला नाही.